धोंडस हा केक आहे का? आणि डब्यात रोज चालेल का?

तवसं_टांगलेलं
मंडळी, एक घरगुती वाद इथे आणतेय, निकाल लावा. लेकाच्या शाळेत नियम आहे की डब्यात केक, बिस्किटं, वेफर्स आणायचे नाहीत, घरचं पौष्टिक आणायचं. मी गेल्या आठवड्यात काकडीचं धोंडस दिलं. रवा, गूळ, ओलं खोबरं, जून काकडी, तूप. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, "केक देऊ नये." आता नवरा म्हणतो दिसतो केकसारखा तर केकच, सासूबाई म्हणतात आमच्या सात पिढ्या खातायत त्याला केक म्हणणारी तू कोण (मी कुठे म्हटलं?? बाईंनी म्हटलं!). तर प्रश्न दोन. एक, धोंडस केक आहे का. दोन, खरंच पौष्टिक आहे का, की आपण गूळ आणि आजी ही दोन नावं घेतली की सगळं पौष्टिक समजतो? आठवड्यातून दोनतीनदा डब्यात द्यायचा माझा विचार होता कारण तो ते खातो, बाकी काही खात नाही.

मधली_आळी
केकच आहे. ओव्हनमध्ये भाजता, सुरीने कापता, फोटो टाकताना "एगलेस" लिहिता. अजून काय पुरावा हवा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कण्या_आणि_मीठ
ओव्हन आत्ता आला हो. आमच्याकडे (रत्नागिरीच्या बाजूला) आजी कल्हईच्या जाड पितळी पातेल्यात करायची. तळाला तूप लावून केळीचं पान, वर मिश्रण, खाली मंद निखारे आणि वर झाकणी ठेवून तिच्यावर पण निखारे. झाकण काढायच्या आधी राख फुंकून बाजूला करायला लागायची नाहीतर सगळी राख धोंडसावर. आणि मुलांनी जवळ यायचं नाही कारण आम्ही फुंकायचो ते नेमकं उलट्या बाजूने. कडा पातेल्यापासून सुटल्या आणि सुरी कोरडी निघाली की झालं. गरम गरम कापलं तर भुगा होतो, पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडायच्या. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

आणि रवा म्हणाल तर गव्हाचा नसायचाच. तांदूळ कांडून झाल्यावर ज्या कण्या उरायच्या त्या भरडून घ्यायच्या. पॉलिश केलेला पांढरा गव्हाचा रवा ही नंतरची सोय, दुकानातून आणलेली.

खोबरेल
तवसाळी म्हणतत आमच्याकडे, तवसां म्हणजे काकडी. केक नाय तो. आवस (आई) करायची तेव्हा घरभर वास सुटायचो आणि शेजारचे कायतरी मागूक म्हणून येयत. कोणी मीठ मागूक, कोणी विरजण.

मधली_आळी
@खोबरेल विरजण मागायला आलेला माणूस वडी घेऊन जायचा का?

खोबरेल
दोन. आणि विरजण विसरान.

आहार_विहार
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. आधी हिशेब मांडू, भावना नंतर.

समजा साधारण घरगुती प्रमाण: रवा 300 ग्रॅम, गूळ 250 ग्रॅम, ओलं खोबरं 80 ग्रॅम, तूप 40 ग्रॅम, थोडे काजू. काकडी कितीही घाला, तिच्यात 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, उष्मांकात तिचा वाटा नगण्य. रव्याचे 100 ग्रॅमला 360 च्या आसपास कॅलरी धरा, गुळाचे 380 च्या आसपास, खोबऱ्याचे 350, तुपाचे 900. सगळं मिळून पातेलंभर धोंडस 2800 कॅलरीच्या जवळपास जातं. 16 वड्या पाडल्या तर वडीला 175, त्यात गूळ 15 ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं पावणेतीन ग्रॅमच्या आत.

म्हणजे काय, वाईट नाही पण हा गोड पदार्थ आहे. भाजी नाही, पोळीला पर्याय नाही. काकडी आहे म्हणून "भाजीचा केक" असं जे रील्समध्ये सांगतात ते सोडून द्या. आणि गुळाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मुक्त साखर (वरून घातलेली, शिवाय मधातली, रसातली) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या खाली, असं आहे. मोठ्या माणसाला 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. मुलाला त्याहून कमी. गूळ यातच मोजायचा. गूळ नैसर्गिक आहे म्हणून सूट मिळत नाही.

गूळपापडी
16 वड्या?? ताई कुठल्या घरात राहता तुम्ही. आमच्याकडे पातेल्याच्या 8 होतात आणि तरी भांडणं होतात.

आहार_विहार
@गूळपापडी मग तुमची वडी 350 कॅलरीची, गूळ 30 ग्रॅमच्या वर. एका वडीत मोठ्या माणसाचा कोटा संपला. भांडा खुशाल.

गूळपापडी
धागा आवडला होता, आता नाही आवडत.

तवसं_टांगलेलं
@आहार_विहार धन्यवाद, पण गुळात लोह असतं ना? सासूबाईंचा मुख्य मुद्दा तोच आहे, त्या बाजूला बसून हे वाचतायत.

आहार_विहार
असतं, पण किती ते गुळागुळाप्रमाणे बदलतं, कसा कढवला, कशात कढवला यावर बरंच अवलंबून. आणि 15 ग्रॅममधून मिळणार ते काय. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर लोहाच्या आधी साखरच जास्त पोटात जाईल. सासूबाईंना नमस्कार सांगा. चवीसाठी गूळच घाला, तिथे त्यांच्याशी माझा वाद नाही, साखर घालून केलेलं धोंडस मला फिकं लागतं.

निनावी_नाही
अवांतर: निखारे वर-खाली ठेवून भाजायचं म्हटलं की आमच्या सीकेपी घरांतलं निनावं आठवलं. श्रावणात करतात. त्यात रवा नसतो, बेसन आणि कणीक, नारळाचं दूध, गूळ, जायफळ, आटवून मग भाजायचं. म्हणजे ओव्हन नव्हता तरी भाजलेली मिठाई आपल्याकडे होती. "केक इंग्रजांनी आणला" हे वाक्य ऐकलं की मला निनावं भरवावंसं वाटतं.

मधली_आळी
भरवा. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो.

तिसवाडीकर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे दोन्ही आहेत, तवसाळीही आणि बाथही, आणि एकाच गल्लीत, त्यामुळे केक की नाही हा वाद आम्हाला पडत नाही. बाथमध्ये गव्हाचा रवा, नारळ, अंडी, लोणी, साखर. मिश्रण बऱ्याच घरांत रात्रभर ठेवतात, रवा फुगतो, सकाळी भाजतात. नाताळच्या कुस्वारात (फराळात) ठरलेली. तवसाळी मात्र पावसाळ्यातली, तिच्यात अंडं नाही, लोणी वरून लावून खायचं. रवा-नारळ दोन्हीकडे, एकीत गूळ-काकडी, दुसरीत अंडी-साखर. कोणी कोणाचं उचललं यात मी पडत नाही, माझ्या घरी दोन्ही बाजूंचे लोक जेवायला येतात.

आणि तवशावरून एक. तिसवाडीत तळावलीला सांत आनाचं मोठं चर्च आहे, तिथे जुलैच्या अखेरीस फेस्त (चर्चचा सण) असतं त्याला तवशांचं फेस्तच म्हणतात. मूल व्हावं म्हणून जोडपी तवसं वाहतात. हिंदू माणसंही जातात. मग ती तवशी आणि त्या दिवसांत बाजारात येणारी तवशी, घरोघर काय होणार? काही कोशिंबिरीत, उरलेली तवसाळीत.

पुण्यात_कोकण
हे माहीत नव्हतं, भारी. आमच्याकडे (सिंधुदुर्ग) ते मोठं पिवळट पडलेलं तवसं वाशाला टांगून ठेवायचे, सुंभाच्या जाळीत, जमिनीला लागलं की कुजतं म्हणून. दिवाळीपर्यंत टिकायचं. लहानपणी मला वाटायचं ते शोभेचं आहे.

मूळ प्रश्नाला माझं मत: हा पदार्थ पौष्टिक म्हणून जन्मालाच आलेला नाही. पावसात वेलाला इतकी तवशी लागतात की खाऊन संपत नाहीत, काही राहून जून होतात, साल जाड, बिया टणक, कोशिंबिरीला चालत नाहीत. कण्या घरच्या, नारळ परड्यातला, गूळ सणाला आणलेला. विकत काय आणायचं? काही नाही. म्हणून धोंडस. गौरी-गणपतीला पंचवीस माणसं घरात, त्यांना सकाळी चहाबरोबर काय द्यायचं? धोंडस, कारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं. आता आपण चार माणसांच्या घरात ओव्हनमध्ये करतो, गार झाल्यावर डब्यात भरतो आणि त्याचे उष्मांक मोजतो. मोजा, पण ज्या गर्दीसाठी ते होतं ती गर्दी नसल्यामुळे ते जास्त होतंय, गुळामुळे नाही. एका माणसाच्या वाट्याला एक वडी यायची, हा आकडा त्या घराने ठरवला होता.

आहार_विहार
@पुण्यात_कोकण हे मी पेशंटना सांगायला उचलते. "रेसिपी बदलू नका, माणसं वाढवा."

गूळपापडी
8 वड्यांच्या बाबतीत पण हेच म्हणणं होतं माझं.

रवाळ_मी
कोणी तांदळाचा रवा की गव्हाचा यावर बोलणार का? मला ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नाही, डॉक्टरांनी सेलिएकचं निदान केलंय. गव्हाच्या रव्याचं खाल्लं की दोन दिवस कामातून जातो. लोकांना वाटतं रवा म्हणजे मैदा नाही म्हणजे चालतो. अहो, गहूच तो.

कण्या_आणि_मीठ
@रवाळ_मी तुम्ही तर मूळ पद्धतीने खाऊ शकता, कण्यांचंच. इडली रवा चालतो, पण पाकिटावर बघून घ्या की फक्त तांदूळ आहे आणि गव्हाच्या चक्कीत दळलेला नाही. तांदळाचा रवा आधी तुपावर खमंग भाजा. नुसता घातला तर कचकच राहते. मी करते ती पद्धत अशी: जून काकडी किसायची, बिया आणि मधला गर काढून टाकायचा, पाणी पिळून फेकायचं नाही. कढईत काकडी आणि गूळ एकत्र गरम करायचे, गूळ विरघळला की भरपूर पाणी सुटतं, त्यात चिमूटभर मीठ, खोबरं, वेलची किंवा जायफळ आणि भाजलेला रवा. वेगळं पाणी घालायचं नाही. मग झाकून पंधरावीस मिनिटं ठेवायचं, रवा पाणी पितो. मिश्रण फार घट्ट वाटलं तर दोन चमचे नारळाचं दूध. मग तूप लावलेल्या भांड्यात थापून, तव्यावर भांडं ठेवून मंद आचेवर पाऊण तास, नाहीतर ओव्हनला 180 वर 40 मिनिटं. सोडा, इनो काही नको. फुगायला नकोच आहे ते, दडस झालं पाहिजे.

साखरभात
सोडा घातला तर काय होतं? मी घालते. हलकं होतं.

कण्या_आणि_मीठ
हलकं होतं, तेच नको. मग खरंच केक होतो आणि बाई परत पाठवतात.

मधली_आळी
हाहाहा, हा खरा निकष सापडला. सोडा असेल तर केक, नसेल तर धोंडस. शाळेला कळवा.

आखाती_मावशी
मी बरीच वर्षं आखातात आहे. इथे बसबूसा मिळते, रव्याचीच, जाडसर रव्याची, वरून पाक ओतलेला, वर एकेक बदाम. काही अरबी देशांत तिलाच हरीसा म्हणतात, लेबनॉनकडचे लोक नमूरा म्हणतात. तुर्कस्तान-ग्रीसकडे रेवानी. रमजानात इफ्तारनंतर घरोघरी ट्रे. आमच्या ऑफिसमधल्या इजिप्शियन बाईला मी धोंडस दिलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, "पाक कुठे?" मी म्हटलं आत आहे, काकडीत. तिला पटलं नाही. तिने घरून पाक आणला आणि दुसऱ्या दिवशी ओतून खाल्लं. खरं सांगते, वाईट लागलं नाही. सासूबाईंना सांगू नका.

तवसं_टांगलेलं
सासूबाई बाजूलाच आहेत हो, वाचून दाखवलं. म्हणाल्या "पाक?" आणि आत गेल्या.

निनावी_नाही
@आखाती_मावशी ब्रह्मदेशात पण रव्याचा केक आहे, सानविन मकिन. नारळाचं दूध आणि वर खसखस. तिथेही पूर्वी वर-खाली कोळसे ठेवूनच भाजायचे. आणि सिंगापूर-मलेशियातल्या युरेशियन लोकांचा सुगी केक, नाव ऐकून कान टवकारले ना? तो रव्याचाच. रवा जिथे गेला तिथे कोणीतरी त्यात नारळ नाहीतर लोणी घालून भाजलाय.

रवाळ_मी
आणि मला त्यातला एकही चालत नाही. धन्यवाद सगळ्यांना.

साखरभात
एक काळजीची गोष्ट. जून काकडी कधी कधी कडू निघते. माझ्या ओळखीत एकीने "फेकायची कशाला, गूळ घातला की कळणार नाही" म्हणून केलं आणि सगळ्यांना उलट्या-जुलाब. कडू असेल तर घालायचीच नाही ना?

आहार_विहार
अजिबात नाही. काकडी, दुधी, पडवळ या सगळ्या एकाच कुळातल्या. कडूपणा ज्याच्यामुळे येतो त्या द्रव्यांना कुकरबिटासिन म्हणतात आणि ती शिजवून किंवा गूळ घालून जात नाहीत. फार कडू फळ खाल्लं तर चांगलाच त्रास होतो. किसायच्या आधी देठाकडचा आणि मधला तुकडा चाखा, कडू लागला तर थुंका आणि पूर्ण फळ टाका. देठ घासून फेस काढायची जी पद्धत आहे तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पुण्यात_कोकण
माझी आजी देठ घासायची आणि तरी आधी स्वतः चाखायची. दोन्ही.

गूळपापडी
मधुमेहवाल्यांनी काय करायचं? वडिलांना गणपतीत नाही म्हणवत नाही. गुळाऐवजी ते गोडवा आणणारे पावडरवाले घालू का?

आहार_विहार
गुळाशिवाय धोंडस बांधलं जात नाही, पावडरने तो चिकटपणा येणार नाही, भुसभुशीत होईल. माझा सल्ला नेहमीचा: रवा दोन तृतीयांश, उरलेल्या जागी ज्वारीचं जाडसर पीठ, नाहीतर भाजलेल्या मूगडाळीचा भरडा. गूळ दोन तृतीयांशवर आणा, खोबरं वाढवा. वडी काड्यापेटीएवढी. जेवणानंतर लगेच द्या, मधल्या वेळी चहाबरोबर एकटी देऊ नका. आणि त्या जेवणात भात कमी. औषधाचं डॉक्टरांना विचारून. तांदळाचा रवा घेतला म्हणून साखर कमी वाढेल असं काही नाही, तो फक्त ग्लुटेनचा प्रश्न सोडवतो.

खोबरेल
मूगडाळ घातली तर तवसाळी ऱ्हवता काय ती?

कण्या_आणि_मीठ
राहते. माझी मामी मूगडाळ घालायची, ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. पण काजूच्या तुकड्यांऐवजी चॉकलेट चिप्स घालणाऱ्यांचं मी काही सांगत नाही.

साखरभात
... मी घातलेत.

मधली_आळी
बाईंनी परत पाठवलंच पाहिजे होतं तुमचं.

आहार_विहार
@तवसं_टांगलेलं मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. आठवड्यातून दोनतीनदा नको, एकदा ठीक. त्याबरोबर डब्यात उसळ नाहीतर उकडलेलं अंडं, अंडं चालत नसेल तर भाजलेले शेंगदाणे. आणि "बाकी काही खात नाही" हे त्याला पाच दिवस गोड मिळत राहिलं तर बदलणार नाही. घट्ट करून छोट्या चौकोनी वड्या पाडा, मग केकसारखं दिसणार पण नाही.

तवसं_टांगलेलं
पटलं. सोमवारी उसळ, शुक्रवारी वडी. नवऱ्याला कळवलंय की सोडा नाही म्हणजे केक नाही, त्याने अपील केलंय, ते फेटाळलंय.

पुण्यात_कोकण
जाता जाता, पुण्यात जून तवसं कुठे मिळतं कोणाला माहीत आहे का? मंडईत मागितलं तर कोवळ्याच काकड्या दाखवतात, पिवळी मागितली तर "ती फेकून दिली" म्हणतात.

कण्या_आणि_मीठ
कोकणातून गाड्या घेऊन येणारे, पावसाळ्यात आठवडी बाजाराच्या कडेला बसतात ना, त्यांच्याकडे आधी सांगून ठेवा. नाही मिळालं तर मोठी हिरवी काकडी घेऊन चालतं, गूळ थोडा कमी आणि पाणी कमी सुटतं म्हणून नारळाचं दूध जास्त. आणि साल काढून किसा, बाजारातल्या काकडीचं साल चिवट असतं.